स्टीअरिंग बसलं, पण प्ले जाईना: फॉर्म्युला गाडीचा आमचा अनुभव

स्टीअरिंग व्हीलचं डिझाइन एका आठवड्यात झालं. ते गाडीवर बसवून त्यातला प्ले (पुढची चाकं न वळता व्हील जितकं मोकळं हलतं तो ढिलेपणा) ७ अंशांच्या आत आणायला सहा आठवडे गेले, आणि त्यातले जवळपास तीन एका वायरकटवाल्याच्या (वीज सोडलेल्या बारीक तारेने धातू कापणाऱ्याच्या) दारात. त्यामुळे खाली डिझाइन थोडं आणि प्लेची रड जास्त आहे. फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेसाठी पहिल्यांदाच गाडी बांधणाऱ्यांना ती रड कामाला यावी.

आधी नियम. व्हीलची बाहेरची कड सलग हवी, गोल किंवा लंबगोलाच्या जवळची. एखादी बाजू सरळ चालते, पण आत वळलेली चालत नाही. वरून उघडं, विमानासारखं व्हील बाद. व्हील कुठल्याही कोनात फिरवलं तरी त्याचं वरचं टोक फ्रंट हूपच्या (व्हीलच्या पुढची, फ्रेमची कमान) वर जायला नको आणि रिम हूपपासून २५० मिमीपेक्षा मागे नको. कॉलमवर (व्हीलपासून खाली जाणारा दांडा) क्विक रिलीज, म्हणजे व्हील झटकन काढता येणारा जोड, हवाच, आणि तो हातमोजे घालून, नेहमीच्या बसण्यात काढता आला पाहिजे, कारण ड्रायव्हरला ५ सेकंदांत गाडीबाहेर पडून दाखवायचं असतं. शेवटचा नियम म्हणजे व्हीलवर मोजलेला एकूण प्ले ७ अंशांपेक्षा जास्त नको. नियमपुस्तक दरवर्षी थोडं बदलतं, तेव्हा चालू वर्षाचं उघडून बघा, सीनिअरच्या वहीतलं नको.

७ अंश म्हणजे भरपूर झाले असं वाटतं. आमचं व्हील २५० मिमी रुंद, म्हणजे त्रिज्या १२५. तिच्यावर ७ अंश म्हणजे रिमवर १५ मिमी. आम्ही पहिल्यांदा मोजला तेव्हा रिम २५ मिमी हलत होती आणि पुढची चाकं जागची ढिम्म. साडेअकरा अंश!

डिझाइनबद्दल थोडक्यात. कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर, आकार ठरवू नका. ६ मिमी एमडीएफचे चार आकार लेझरवर कापून घ्या आणि सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या ड्रायव्हरला हातमोजे घालून सीटवर बसवा. आम्हाला गोल व्हील हवं होतं; ते मांडीला लागलं, म्हणून खालची बाजू सरळ करून उंची १८० मिमीवर आणली. फक्त सरळ ठेवून बघू नका. पूर्ण लॉकपर्यंत, म्हणजे जितकं फिरतं तितकं, फिरवा, कारण सरळ असताना बाजूला असलेला कोपरा फिरल्यावर मांडीवर येतो. प्लेट ५ मिमी ॲल्युमिनियमची, ६०६१-टी६. ग्रिप ३० मिमी जाडीच्या, थ्रीडी प्रिंट केलेल्या, दोन फाकांत. ग्रिप पीएलए या प्रिंटिंगच्या प्लास्टिकच्या करू नका. कोइंबतूरला करी मोटर स्पीडवेवर गाडी तासन्‌तास उन्हात उभी असते आणि पीएलए साठेक अंश सेल्सिअसला मऊ पडतं. पीईटीजी घ्या आणि वरून बॅडमिंटनची ओव्हरग्रिप गुंडाळा. घामट हाताला याहून स्वस्त इलाज नाही.

ताकदीचा हिशेब: घाबरलेला ड्रायव्हर दोन्ही हातांनी प्रत्येकी ४०० न्यूटन लावतो असं धरा. २५० मिमी रुंदीला ते १०० न्यूटन-मीटर होतात. इथून रॅकपर्यंतचा (चाकं वळवणारी दातेरी पट्टी) प्रत्येक जोड या आकड्यावर तपासायचा.

आता प्ले. तो कुठून येतोय हे डोक्याने ठरवायला गेलात तर रॅकला दोष द्याल, आम्हीही दिला. मारुती ८०० चा भंगारातला रॅक, म्हणजे तोच ढिला असणार, असं सगळ्यांचं एकमत झालं आणि तो उघडण्यात दोन दिवस गेले. खरी पद्धत दहा मिनिटांची आहे. पांढरा पेंट मार्कर घ्या. व्हीलपासून पिनियनपर्यंत (रॅक सरकवणारं दातेरी चाक) प्रत्येक जोडावर, अर्धी एका भागावर आणि अर्धी दुसऱ्यावर अशी आडवी सलग रेघ मारा. दोघांनी पुढची चाकं घट्ट धरायची, एकाने व्हील हळूच डावीकडे-उजवीकडे हलवायचं, आणि चौथ्याने टॉर्च घेऊन रेघा बघायच्या. जिथे रेघ तुटून दोन तुकडे पुढेमागे होतात तिथे प्ले आहे. आमच्या दोन रेघा लांबूनही तुटलेल्या दिसत होत्या, आणि त्यातली एकही रॅकवर नव्हती. त्या होत्या कॉलममधल्या दोन साध्या एम ६ (६ मिमी) बोल्टवर.

मांडणी अशी होती: २० मिमी बाहेरचा, १६ मिमी आतला पाइप, त्यात १६ मिमीचा शाफ्ट, आरपार एक भोक आणि त्यात बोल्ट. पाइपचं भोक नेमकं ६ मिमीचं होतं, पण शाफ्टमधलं ६.५ मिमीने पाडलेलं, कारण दोन्ही भोकं समोरासमोर येईनात आणि कोणीतरी ड्रिल आडवं फिरवलं. अर्धा मिलिमीटरच ना? पण ही फट ८ मिमी त्रिज्येवर आहे. ०.५ भागिले ८ म्हणजे ०.०६२५ रेडियन, साडेतीन अंश. असे दोन जोड, म्हणजे ७ अंश तिथेच संपले. उरलेल्यात स्प्लाइनचा (क्विक रिलीजमधला दातांचा जोड) पावणेदोन, युनिव्हर्सल जॉइंटचा (कोनात फिरणारा सांधा) एक, रॅकचा दीडच्या आसपास. जितक्या लहान त्रिज्येवर जोड, तितकी तीच फट महाग पडते.

बोल्ट घट्ट आवळून हा प्ले जात नाही. आवळल्यावर शेडमध्ये गेल्यासारखा वाटतो, आणि दोन फेऱ्यांनी परत येतो. शिवाय साध्या एम ६ बोल्टचा शँक (आटे नसलेला गुळगुळीत भाग) पूर्ण ६ नसतोच, तो ५.८२ पर्यंत बारीक चालतो. आणि शिअरच्या जागी, म्हणजे शाफ्ट आणि पाइप जिथे बोल्टला कापू बघतात तिथे, आटे आले तर आणखी वाईट. आटे भोकाची कड खातात.

आम्ही शेवटी शोल्डर बोल्ट वापरले: ६ मिमी शोल्डर (नेमक्या मापाचा गुळगुळीत भाग), पुढे एम ५ आटे. प्रत्येक जोडाला दोन, एकमेकांशी ९० अंशांत आणि २० मिमी अंतरावर. शाफ्ट पाइपात घालून, व्हाइसमध्ये पकडून, दोन्हीत एकत्र ५.८ चं ड्रिल आणि मग ६ एच ७ चा रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार). सुटं सुटं पाडायचं नाही, कितीही मापात पाडता येतं असं लेथवाला म्हणाला तरी. पाइपच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिमी फ्लॅट (सपाट जागा) मारला, म्हणजे फ्लॅटपासून फ्लॅटपर्यंत १९. नटच्या बाजूला एम ६ चा १.६ मिमी जाड वॉशर, त्यावर एम ५ चा वॉशर. शोल्डरची लांबी २०, म्हणजे शोल्डर पहिल्या वॉशरच्या आत संपतं आणि नट खरोखर आवळतो. हे गणित चुकलं तर नट शोल्डरवर टेकतो, बाहेरून घट्ट दिसतो आणि आत बोल्ट खुळखुळत राहतो.

एवढ्यावर कॉलम सुटला. अडकलो स्प्लाइनवर.

बाजारातला तयार क्विक रिलीज महाग वाटला म्हणून आम्ही घरचा काढला. त्याचा नर-मादी स्प्लाइन वायरकटवर कापायचा होता. २० मिमी व्यास, ३६ दात, २५ मिमी लांबी. भोसरी एमआयडीसीतल्या एका शॉपला ड्रॉइंग सोमवारी दिलं. ‘दोन दिवसांत’ म्हणाले. बुधवारी मशीनवर डायचं (साच्याचं) काम चढलेलं. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. शुक्रवारी ऑपरेटर गावाला. पुढच्या सोमवारी ‘उद्या या’. डाय-मोल्डवाल्यांचे जॉब तीस-चाळीस तास मशीनवर बसतात आणि ते दरमहा येतात. विद्यार्थ्यांचा एक नग, तोही वर्षातून एकदा, तो सगळ्यांच्या मागे जाणारच. हे मला आज समजतं, तेव्हा फक्त राग यायचा. अकरा दिवसांनी तुकडे मिळाले, आणि नर मादीत असा सुळकन गेला की जणू तेल लावलंय. स्प्लाइनमध्ये ०.२८ मिमी फट.

चूक कोणाची यावर तिथे काउंटरवर अर्धा तास वाद झाला. खरं सांगायचं तर तिघांची. मी नराच्या प्रोफाइलमधून (कापायच्या आकारातून) क्लिअरन्स, म्हणजे मुद्दाम सोडायची फट, वजा केला होता. आमच्याच टीममधल्या दुसऱ्याने मादीच्या प्रोफाइलमध्ये तोच मिळवला होता. आणि ऑपरेटरने ‘फिट बसायला पाहिजे ना’ म्हणून आपल्या मनाने आणखी थोडा दिला. प्रत्येकाने भलं करायला म्हणून केलं.

म्हणून ड्रॉइंगवर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा: ‘एकूण क्लिअरन्स दोन्ही बाजू मिळून ०.०६, तो मादीच्या प्रोफाइलमध्ये धरला आहे. वेगळा देऊ नये. वायर आणि स्पार्कचा ऑफसेट तुम्ही द्यायचा.’ शेवटचं वाक्य गाळू नका. वायर ०.२५ मिमीची असते. तिची निम्मी जाडी आणि वर स्पार्कची फट धरून प्रत्येक बाजूला सुमारे ०.१५ मिमी मशीनच्या प्रोग्रॅममध्ये जायला हवं, तुमच्या ड्रॉइंगमध्ये नाही. फाइल मिमीमध्ये आणि रेघ सलग बंद. मादीत वायर ओवायला ३ मिमीचं भोक आधीच पाडून द्या, नाहीतर त्या भोकासाठी आणखी एक शॉप आणि आणखी एक ‘उद्या’. आणि आधी नर कापून घ्या. तो मोजून, हातात घेऊन, मग मादी त्याच मशीनवर त्याच्या मापाने. दुसऱ्या खेपेला हे सगळं केलं, फट ०.१ वर आली आणि स्प्लाइनचा प्ले पाऊण अंशाच्या आत.

३६ दातांचा हट्ट कशाला होता हे मला अजून कळलेलं नाही. वायरकटचे पैसे कापलेल्या क्षेत्रफळावर लागतात, परिघ गुणिले जाडी. १२ दात आणि १५ मिमी लांबी पुरते: १०० न्यूटन-मीटरला ९ मिमी त्रिज्येवर सुमारे ११,००० न्यूटन येतात, आणि १२ दातांचं दीड मिमी उंचीचं २७० चौरस मिमी क्षेत्रफळ धरलं तर दाब ४१ मेगापास्कल. निम्मेच दात भार घेतात असं धरलं तरी ८२. स्टीलला हे काहीच नाही. एक दात मात्र मुद्दाम रुंद ठेवा, म्हणजे व्हील एकाच स्थितीत बसेल. आमचं व्हील गोल नाही. घाईत एक दात चुकवून बसवलं तर ३६ दातांत १० अंश तिरकं बसायचं.

मटेरियलचं आधी सांगायला हवं होतं. नर तुकडा कॉलमला वेल्ड करणार असाल तर ईएन २४ (मिश्र पोलाद) घेऊ नका. पहिला तुकडा आम्ही त्याचाच केला, मजबूत म्हणून. तापवून न घेता वेल्ड केला आणि थंड होताना शिवणीच्या कडेला केसाएवढी चीर आली. कार्बन कमी असलेलं साधं माइल्ड स्टील घ्या, वरच्या हिशेबाने ते पुरतं. वेल्ड करताना क्विक रिलीजचा हब काढून ठेवा. आतली स्प्रिंग तापली की ती गेली. समोरासमोर चार टॅक (वेल्डचे ठिपके), डायलने रनआउट (फिरताना किती डगमगतं ते) बघा, मग पाव-पाव परिघ आलटून पालटून.

युनिव्हर्सल जॉइंट एकच वापरून ३० अंशांत कॉलम वळवला तर रेशो (जॉइंटच्या दोन बाजूंच्या फिरण्याचं प्रमाण) ०.८७ ते १.१५ असा फिरतो. ड्रायव्हर म्हणतो ‘मधेच जड लागतं’ आणि आपण रॅकला ग्रीस घालत बसतो. दोन जॉइंट, सारखे कोन, योक (जॉइंटचे काटे) एका रेषेत. आणि कॉलमला दोन बेअरिंग, किमान १५० मिमी अंतरावर, नाहीतर व्हील वर-खाली हलतं. तो प्ले ७ अंशांत मोजला जात नसला तरी तपासणारा आधी तेच हलवून बघतो.

व्हीलची प्लेट हबला सहा एम ५ बोल्टनी, ७० मिमी पीसीडीवर (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास), म्हणजे पुढे बाजारातलं व्हील घ्यायचं झालं तरी बऱ्याच कंपन्यांचं बसेल. हबमध्ये आटे पाडून लॉकटाइट (आट्यांना लावायचा गोंद) लावायचा मोह होईल. स्टीअरिंगच्या बोल्टला लॉकटाइट किंवा स्प्रिंग वॉशर हे लॉकिंग म्हणून धरत नाहीत. आरपार बोल्ट आणि नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला नट), आणि नटच्या बाहेर किमान दोन पूर्ण आटे दिसले पाहिजेत. हे आम्हाला कळलं तेव्हा हबमध्ये आटे पाडून झाले होते; ड्रिल घालून ते उडवावे लागले.

शेवटचं माप २.८ अंश. रॅकचा योक (रॅकला पिनियनवर दाबून धरणारा तुकडा) किंचित आवळून त्यातला अर्धाएक अंश गेला होता. जास्त आवळू नका, व्हील सोडल्यावर परत मध्यावर येत नाही.

कोइंबतूरला जाताना एम ५ चे वीस नवे नायलॉक बरोबर न्या. तपासणीत कॉलम दोन-तीनदा उघडावा लागतो, वापरलेल्या नायलॉकची पकड कमी होते, आणि तिथे रात्री नऊ वाजता नट शोधत फिरायला लागतं.