पाठीवर सॅक नसताना: अलास्काची क्रूझ

पायाला भिंगरी लागलेल्या माणसाला क्रूझ सुचवली की तो पहिला प्रश्न विचारतो, "पण दिवसभर करायचं काय?" मीही हेच विचारलं होतं. माझ्या सुट्ट्या म्हणजे खिंडी, तंबू, पहाटे हेडटॉर्च लावून निघणं आणि रात्री सुजलेले पाय. पण आईला हिमनदी बघायची होती आणि तिचे गुडघे आता चढ घेत नाहीत. समुद्रातून थेट हिमनदीच्या तोंडाशी नेणारी जागा शोधताना अलास्कातला ग्लेशियर बे हा उपसागर सापडला. उन्हाळ्यात आम्ही दोघी जाऊन आलो. मी पुन्हा जाणार आहे, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी मार्गाचं बोलू, कारण तिकीट काढताना लोक फक्त भाडं बघतात. अलास्काच्या क्रूझ मुख्यतः अमेरिकेतल्या सिएटल किंवा कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरातून सुटतात. सिएटलची बहुतेक जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने, खुल्या पॅसिफिकमधून वर जातात. व्हँकुव्हरहून सुटणारी सहसा बेट आणि मुख्य भूमी यांच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यातून जातात. दोन्ही बाजूंना झाडीने भरलेले डोंगर आणि पाणी बरंच शांत. ज्यांना बोट लागते त्यांनी तर व्हँकुव्हरच घ्यावं. याच वाटेवर सीमोर नॅरोज नावाची अरुंद जागा लागते. तिथे पाण्याची ओढ इतकी जबरदस्त असते की जहाजं भरती-ओहोटीच्या मधली निवांत वेळ साधून जातात. पाण्याखालच्या ज्या खडकावर पूर्वी कितीतरी जहाजं फुटली, तो १९५८ साली खालून बोगदा खणून सुरुंगाने उडवला. आमचं जहाज तिथून गेलं तेव्हा कठड्याशी मोजकेच लोक होते. बाकीचे जेवत होते. ही वेळ रिसेप्शनवर विचारून ठेवा.

व्हँकुव्हरहून जाऊन तिथेच परतायचं तर भारतीय पासपोर्टवर अमेरिका आणि कॅनडा दोन्हींचा व्हिसा लागतो, आणि कॅनडाचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा हवा. अमेरिकेचं इमिग्रेशन व्हँकुव्हरच्या कॅनडा प्लेस टर्मिनलवरच होतं. एकाच दिवशी दोन-तीन जहाजं असली तर रांग लांबलचक होते. आदल्या दिवशी शहरात पोचा. विमानाला उशीर झाला तर जहाज थांबत नाही.

केबिन मधल्या भागात आणि शक्यतो खालच्या मजल्यावर घ्यावी, तिथे हेलकावे सगळ्यात कमी जाणवतात. बाल्कनीबद्दल माझं मत असं की सोबत वयस्कर माणूस असेल तर पैसे टाकावेत. आई शाल गुंडाळून तासन् तास तिथे बसायची. एकटी असते तर मी घेतली नसती, कारण खरी जागा म्हणजे जहाजाला वळसा घालणारा प्रोमनाड डेक. तो पाण्याच्या जवळ असतो आणि बऱ्याच जहाजांवर पूर्ण फेरी मारता येते.

पहिला दिवस पूर्ण समुद्रावरचा. केबिनमध्ये आलेला कार्यक्रमांचा कागद घेऊन मी पेनाने खुणा केल्या. व्याख्यान, जिम, स्वयंपाकघराची फेरी, नाचाचा वर्ग. दुपारपर्यंत यातलं बरंचसं उरकलं आणि तरी हातापायांत चुळबुळ चालूच. आई सकाळपासून एका खुर्चीत बसून होती. म्हणाली, "अगं, बस की जरा. तू गेलीस तेवढ्यात दोनदा दिसला." देवमासा. मी बसले. बराच वेळ फक्त राखाडी पाणी. मग लांबवर पाण्यातून पांढऱ्या वाफेचा झोत उठला, हवेत क्षणभर राहिला आणि विरला. मागोमाग काळी पाठ, पुन्हा झोत, पुन्हा पाठ. शेवटी शेपूट सबंध वर आली, तिच्या कडांवरून पाणी निथळताना दुर्बिणीतून दिसलं आणि ती सरळ खाली गेली. हंपबॅक जातीच्या देवमाशाने अशी शेपूट वर काढली की तो खोल बुडी मारतो आणि काही मिनिटं वर येत नाही. या काही मिनिटांत लोक उठून जातात. आम्ही बसून राहिलो आणि तो बऱ्याच पुढे पुन्हा वर आला. दुसऱ्या दिवशी मी कागदावर एकही खूण केली नाही.

दुर्बीण मात्र प्रत्येकी एक हवी. एकमेकींच्या हातात देईपर्यंत देवमासा जातो.

जूनो ही अलास्काची राजधानी, पण बाहेरून तिथे रस्ताच येत नाही. विमानाने किंवा समुद्रानेच यावं लागतं. चढायची हौस असणाऱ्यांची इथे छान सोय आहे. माउंट रॉबर्ट्सची केबल कार धक्क्यापासूनच सुटते आणि गावातून पायवाटही वर जाते. आई केबल कारने गेली, मी जंगलातून मुळांवर पाय ठेवत चढले आणि वर भेटलो. वाट ओली आणि निसरडी असते, पकड असलेले बूट घाला. दोन वेगळ्या ताकदीच्या माणसांनी एकत्र फिरायचं असेल तर असे बंदरातले दिवस फार उपयोगी पडतात. कुणी कुणासाठी मन मारत नाही.

स्कॅगवे बंदरात माझी नजर चिलकूट ट्रेल या जुन्या पायवाटेवर होती. सोन्याच्या शोधात निघालेले हजारो लोक १८९७-९८ मध्ये याच वाटेने गेले. वर्षभराचा शिधा, म्हणजे जवळपास टनभर सामान असल्याशिवाय कॅनडाचे पोलीस खिंडीच्या पुढे सोडत नसत, म्हणून माणसं तेच अंतर पुन्हा पुन्हा चढत. ५३ किलोमीटरची ही वाट एका दिवसात होणारी नाही, आणि मी तिचा तुकडाही तोडला नाही. आईबरोबर व्हाइट पासच्या छोट्या रेल्वेत बसले. १९०० साली पूर्ण झालेली ही तीन फूट रुंदीची लाइन सुमारे ३२ किलोमीटरमध्ये ८७० मीटरच्या आसपास चढते. जाताना डावीकडे बसा, दरी त्या बाजूला आहे. दोन डब्यांच्या मधल्या उघड्या जागेवर उभं राहता येतं आणि तिथून खाली जुन्या पायवाटेची रेघ दिसते.

आता ग्लेशियर बे. या एका दिवसासाठी ही क्रूझ करावी. राष्ट्रीय उद्यानात रोज जास्तीत जास्त दोनच मोठी क्रूझ जहाजं सोडतात, त्यामुळे अलास्काच्या प्रत्येक क्रूझमध्ये हे ठिकाण नसतं. मार्गात 'ग्लेशियर बे' असं स्पष्ट लिहिलंय ना, हे पाहूनच बुकिंग करा. सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन चालत्या जहाजावर शिडीने चढतात आणि दिवसभर माहिती देतात. जमिनीवर कुणी उतरत नाही.

रेंजरने सुरुवातीलाच सांगितलं की झाडांकडे लक्ष ठेवा. १७९४ साली जॉर्ज व्हँकुव्हर या ब्रिटिश दर्यावर्दीच्या मोहिमेने हा किनारा पाहिला तेव्हा हा उपसागर बर्फाने जवळजवळ भरलेला होता. १८७९ मध्ये निसर्ग अभ्यासक जॉन म्यूर आला तोवर बर्फ कित्येक किलोमीटर मागे हटला होता आणि १९१६ पर्यंत तो सुमारे शंभर किलोमीटर मागे गेला. म्हणजे उपसागराच्या तोंडाशी असलेली जमीन सगळ्यात आधी मोकळी झाली आणि आतली सगळ्यात शेवटी. तोंडाशी स्प्रूस आणि हेमलॉक या सूचिपर्णी झाडांचं गच्च, काळपट जंगल. पुढे ते विरळ होतं, मग आल्डरची झुडपं, मग खडकावर नुसता शेवाळी रंग, आणि शेवटी घासून गुळगुळीत झालेला उघडा दगड. जंगल उगवायला लागलेली दोनशे-सव्वादोनशे वर्षं उलट्या क्रमाने समोरून सरकत होती. चालत गेले असते तर या साखळीतला एखादाच दुवा बघून परतले असते. ती अखंड दिसली ती जहाज सावकाश चालत होतं आणि मी एका जागी बसले होते म्हणून.

टोकाला मार्जरी हिमनदी. लांबी सुमारे ३४ किलोमीटर, पाण्यावर दिसणारी भिंत साधारण ७५ मीटर उंच. जहाज तिथे तासभर थांबतं आणि जागेवरच हळूहळू फिरतं, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या लोकांना भिंत दिसते, धावाधाव करू नका. बर्फाच्या भेगांमधला निळा रंग फोटोत येतो त्याहून गडद असतो. दाबाने हवेचे बुडबुडे निघून गेलेला घट्ट बर्फ लाल प्रकाश शोषतो आणि निळा बाहेर सोडतो. भिंतीचा एक तुकडा सुटताना दिसला, त्याने पाणी उडवलं, आणि त्यानंतर गडगडाट पोचला. आईने माझा हात घट्ट धरला होता.

केचिकन बंदराबद्दल एवढंच की तिथे पाऊस असणारच, आणि तिथल्या आदिवासींचे कोरीव टोटेमचे खांब पावसातच जास्त शोभतात.

आता थोडं कामाचं. जून-जुलैतही डेकवर वारा बोचतो, तेव्हा लोकरी थर, वरून पावसाळी जॅकेट, टोपी आणि हातमोजे घ्या. बोट लागायची भीती असेल तर गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यावी, कोणती ते डॉक्टरांना विचारून. जहाजावर चढताच मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, समुद्रातलं रोमिंग भयंकर महाग पडतं. टिप रोज माणशी आपोआप बिलात चढते, इंटरनेट, सहली आणि बरीचशी पेयं वेगळी, त्यामुळे भाड्याच्या वर डॉलर बाजूला ठेवा. जेवणाआधी हात साबणानेच धुवा, पोट बिघडवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर पुरेसा चालत नाही. बंदरात उतरताना घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज वाट बघतं, स्वतःहून फिरणाऱ्यांसाठी बघत नाही.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. औषधं, पासपोर्ट आणि सकाळचे कपडे हातातल्या पिशवीत काढून घ्या. उतरायला आणि इमिग्रेशनला वेळ जातो, म्हणून परतीचं विमान दुपारनंतरचंच घ्या.