पीसीआर करता करता समजलेलं रेप्लिकेशन

हेलिकेझ, प्रायमेझ, पॉलिमरेझ, लायगेझ: रेप्लिकेशन, म्हणजे पेशीत डीएनएची प्रत निघताना लागणाऱ्या एंझाइमांची ही नावं बी.एस्सी.पासून पाठ होती. त्यातलं कोण नेमकं कशासाठी हवं, हे मात्र बडोद्यात एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला पीसीआर, म्हणजे ट्यूबमध्येच डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढताना उमगलं. मॅडम म्हणाल्या, "ट्यूबमध्ये काय घालतेस त्यापेक्षा काय घालत नाहीस ते बघ."

ट्यूबमध्ये नमुन्याचा डीएनए, दोन प्रायमर (प्रत जिथून सुरू होते ते छोटे तुकडे), चार न्यूक्लिओटाइड (डीएनएची अक्षरं), मॅग्नेशियम असलेलं बफर आणि नवा धागा विणणारं टॅक पॉलिमरेझ. एंझाइम एकच! डीएनएचे दोन धागे सोडवण्याचं हेलिकेझचं काम 95 अंशांची उष्णता करते. पॉलिमरेझला कोऱ्या धाग्यावर सुरुवात करता येत नाही, म्हणून पेशीत प्रायमेझ आरएनएचा छोटा तुकडा बसवून देतं; इथे आपण डीएनएचे तयार प्रायमर देतो.

तुकडे जोडणारं लायगेझ का नको, हे मात्र लवकर सुटेना. दांडिया बाजारातल्या घरी रात्री कागदावर बाण काढत बसले. धाग्याच्या दोन टोकांना 5 प्राइम आणि 3 प्राइम म्हणतात; पॉलिमरेझ नवा धागा 5 प्राइमकडून 3 प्राइमकडेच वाढवतं, आणि डीएनएचे दोन धागे तर एकमेकांच्या उलट दिशेने असतात. पेशीत दोन्ही धागे हळूहळू उलगडत जातात, त्यामुळे एकाची प्रत सलग होते, दुसऱ्याची तुकड्यातुकड्यांनी. हे तुकडे रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी यांनी 1968 मध्ये दाखवून दिले. त्यातला आरएनए काढून रिकामी जागा भरली, की लायगेझ सांधे जोडतं. ट्यूबमध्ये धागे आधीच पूर्ण सुटे झालेले असतात. प्रत्येकाची प्रत आपापल्या प्रायमरपासून सलग निघते. तुकडेच नाहीत, तर जोडायचं काय! हे पटलं तेव्हा इतका आनंद झाला, की शेजारी पेपर वाचणाऱ्या आजोबांना सगळं सांगून टाकलं.

त्यांनी विचारलं, "अगं, मग पेशी एवढी तापते कुठे?"

त्या प्रश्नाने एंझाइमांकडे बघण्याची माझी नजर बदलली. ई. कोलाय जिवाणू 37 अंशांना एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून धागे सोडवतो, आणि त्याचं पॉलिमरेझ सेकंदाला सुमारे 1000 न्यूक्लिओटाइड जोडतं. यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या थर्मस अ‍ॅक्वाटिकस जिवाणूकडून आलेलं टॅक 95 अंशांतून तगतं खरं, पण आमच्या प्रोटोकॉलमध्ये तेवढ्याच लांबीसाठी 72 अंशांवर एक मिनिट धरतात. शिवाय चुकीचं अक्षर बसलं तर मागे वळून ते कापण्याची सोय टॅकमध्ये नाही. जिवाणूच्या पॉलिमरेझमध्ये आहे.

डीएनए लांबीनुसार वेगळा करणाऱ्या जेलवर हव्या त्या लांबीचा पट्टा आला. आता हा तुकडा प्लास्मिडमध्ये, म्हणजे जिवाणूतल्या छोट्या गोल डीएनएमध्ये बसवायचा आहे. तिथे लायगेझ लागेलच, आणि प्रत बिनचूक हवी म्हणून पुढची पीसीआर प्रूफरीडिंग करणाऱ्या, म्हणजे चुकीचं अक्षर कापणाऱ्या पॉलिमरेझने करणार आहे.