ढोर हाकणारं कोण?

नववीला अलंकार शिकवताना मी व्याकरणाच्या पुस्तकातली सुटी उदाहरणं घेत नाही. बहिणाबाईंची मनावरची कविता फळ्यावर लिहितो. ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’ हे रूपक. वढाय म्हणजे ओढाळ, हाकललं तरी परत पिकात शिरणारं. मन म्हणजेच ढोर, मध्ये ‘जसं’ नाही. मन खसखशीच्या दाण्याएवढं म्हटलं की उपमा, आणि तेच आभाळात मावेना की अतिशयोक्ती. मनापेक्षा विंचू-साप बरा, त्याला उतारा तरी आहे, हा व्यतिरेक: ज्याच्याशी तुलना, त्याच्यावरही मन वरचढ. इतका चोख व्यतिरेक मला एकाही गाइडात सापडलेला नाही. बाईंना अक्षरओळख नव्हती. घरच्यांनी उतरवून ठेवलं म्हणून १९५२ साली, त्या गेल्यावर, पुस्तक तरी निघालं.

आमची मुलं शेतकऱ्यांची. वढाय ढोर त्यांना समजावावं लागत नाही. उलट एकाने मलाच लोढण्याचं सांगितलं: गळ्यात ओंडका अडकवायचा, ढोर धावलं की तो पायांवर आपटतो.

मी उपमेय-उपमानाचा तक्ता काढत होतो. मन, त्यासमोर ढोर. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, “सर, मन ढोर हाये, तं हाकते कोन?”

“आपण,” दोघं-तिघं ओरडली.

“आपण म्हंजे मनच ना?”

तक्ता तिथेच राहिला. पिकासमोर काय लिहायचं, हेही मग कुणाला सुचेना.

कथेतलं पात्र आम्ही चार विशेषणांत उरकतो: कष्टाळू, प्रेमळ, स्वाभिमानी, जिद्दी. इथे एकही विशेषण नाही, पण ‘किती हाकला हाकला’ म्हणताच बांधावर दमलेलं माणूस उभं राहतं. ते ढोराला मारत नाही. शेवटी देवालाच विचारतं, असं कसं रे हे मन घडवलंस, जागेपणी स्वप्न पडलं होतं का तुला? आणि गाइड म्हणतं, ‘मनावर ताबा ठेवावा, असा संदेश कवयित्री देतात.’ ताबा ठेवावा हे कवितेत कुठेच नाही. संदेश सापडल्याशिवाय कविता संपतच नाही, अशी आमच्या लोकांची समजूत आहे.

चाचणीत त्या मुलीने रसग्रहणात लिहिलं: ‘या कवितेत मन आणि हाकणारी बाई अशी दोन पात्रे आहेत. बाई थकली आहे, पण ढोरावर तिचा राग नाही.’ पेपर सहकाऱ्याकडे होता. त्यांनी ‘पात्रे’ला लाल गोल केला, चारपैकी दीड गुण दिला. म्हणाले, “कवितेत पात्र नसतं, सर. आणि चंचल हा शब्द कुठाय?” माणूस वाईट नाही. गठ्ठा मोठा असला की चंचल दिसलं, बरोबरची खूण, पुढचा पेपर.

वाद घालून मी तिला तीन गुण मिळवून दिले. तेव्हा ते म्हणाले, मग आदर्श उत्तर तुम्हीच लिहून द्या. लिहायला बसलोय. हाकणारंही मनच, इथपर्यंत मी आलोय. पण मग पीक कशाचं, आणि त्याची राखण कुणासाठी, हे त्या पोरीला विचारल्याशिवाय पुढचं वाक्य होईल असं वाटत नाही.