बेडकीचं सलाईन सुटलं

रविवारी बेडकी, म्हणजे मी डागडुजीला काढलेली माझी जुनी एफसी १५० जीप-पिकअप, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचा वाघबिळाचा चढ एका दमात चढली. दुसऱ्या गिअरवर, मागं एसटीवाला हॉर्न वाजवून वाजवून कान किटवत असताना, पण चढली. गेले तीन महिने माझं रडगाणं ज्यांनी ऐकलंय त्यांनाच कळेल की मी वर जाऊन गाडी बाजूला घेतली आणि एकट्यानं दोन चहा का प्यायलो.

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा हौद्याचा तळपत्रा बदलून झाला होता, फाळक्याच्या बिजागऱ्या बसल्या होत्या आणि 'दसऱ्याच्या आत रंग' असं मी छातीठोकपणे जाहीर करून बसलो होतो. रंगाचं विसरा. हौद्यावर रेड ऑक्साइड मारून झाकून ठेवलाय, तो तसाच आहे. या खेपेची सगळी गोष्ट हाताच्या तळव्याएवढ्या एका रबरी चकतीची आहे.

दुखणं असं होतं. थंड गाडी पहिल्या सेल्फला सुरू. गावात फिरवा, शेतावर न्या, तक्रार नाही. हायवेला घेतली की बारा-तेरा किलोमीटरवर, म्हणजे बरोबर केर्लीच्या आसपास, दोन ठसके देऊन बंद. अर्धा तास थांबा, पुन्हा सुरू. केर्लीतला टपरीवाला आता मी दिसलो की विचारत नाही, थेट पातेलं ठेवतो.

ज्यानं त्यानं सांगितलं, व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेनं नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटणं. पटण्यासारखंच आहे. एफसी १५० मध्ये इंजिन दोन सीटच्या मधोमध, डब्याखाली कोंडलेलं. इंजिन सीजे जीपचंच, हरिकेन, २१९९ सीसी. पण सीजेला निदान पुढून वारा लागतो, हिला खोलीत घालून कडी लावलीय. त्यात पेट्रोल पंप ब्लॉकच्या डाव्या अंगाला आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डही, म्हणजे इंजिनाचा तापलेला धूर बाहेर नेणारा भागही, त्याच अंगाला. डावीकडं बसणाऱ्याची पोटरी भाजते तिथं पंपाची काय गत होत असेल?

म्हणून आधी उष्णतेच्या मागं लागलो. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पंप आणि मॅनिफोल्डच्या मध्ये आडोसा केला. पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून चार बोटं लांब नेली. पंपावर ओलं फडकं, हा तर आपल्याकडचा पिढीजात उपाय. फायदा झाला: केर्लीऐवजी दोन किलोमीटर पुढं बंद पडू लागली.

मग इग्निशन, म्हणजे ठिणगीची बाजू. पॉइंटचा गॅप २० थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), प्लगचा ३०, कॉइल दुसऱ्या जीपची लावून बघितली, कंडेन्सर तीन बदलले. कंडेन्सरबद्दल एक बोलून घेतो. हल्ली नव्या पाकिटातला कंडेन्सर म्हणजे लॉटरीचं तिकीट. तिनातला एक तर लावल्या लावल्या मेला. भंगारातल्या डिस्ट्रिब्युटरवरून काढलेला जुना अजून ठणठणीत आहे, तोच ठेवलाय.

शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या थोरल्या मिस्त्रींकडं गेलो. हे गृहस्थ पंच्याहत्तरीचे, आता हाताला ग्रीस लावून घेत नाहीत, खुर्चीवर बसून सांगतात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सलाईन लाव की तिला."

म्हणजे पंपाला बगल द्यायची. छताच्या गजाला पेट्रोलचा लहान डबा टांगायचा आणि नळी थेट कार्बोरेटरला. तापलेल्या इंजिनाच्या डोक्यावर पेट्रोलचा डबा लटकवून हिंडणं ही काही शहाण्या माणसाची कामं नव्हेत. पत्र्याचाच डबा घेतला, त्याला कॉक बसवला, मांडीवर अग्निशामक घेऊन मावसभावाला शेजारी बसवलं आणि गावाभोवतीच रिंगण मारलं. पाऊण तास. इंजिनाचा एक ठोका चुकला नाही. म्हणजे कॉइल निर्दोष, कंडेन्सर निर्दोष, कार्बोरेटरही निर्दोष. चोर टाकी आणि कार्बोरेटरच्या मधला.

त्याच रात्री, खरं तर सवयीनं, ऑइलची पट्टी काढली. खुणेच्या बोटभर वर ऑइल! मी तर टाकलं नव्हतं. नाकाला लावलं, पेट्रोल. एक थेंब वर्तमानपत्रावर सोडला. काळा ठिपका मधोमध आणि त्याच्याभोवती फिकट ओलसर कडं पसरत गेलं. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखाली ऑइल साठतं तिथं, पेट्रोल उतरत होतं. एवढे दिवस मी त्या पातळ पाण्यावर बेअरिंगं फिरवत होतो, या विचारानं जेवण गेलं नाही. (ऑइल सगळं काढलं, फिल्टरही बदलला. गरम इंजिनावर ऑइल प्रेशरचा काटा पूर्वीच्याच जागी येतोय, म्हणून मनाची समजूत घालतोय. ज्यांच्याकडं असा मेकॅनिकल पंप आहे त्यांनी पट्टी रोज बघा. पातळी कमी होण्यापेक्षा वाढलेली जास्त वाईट.)

पंप उघडला. आतला डायफ्राम, म्हणजे मागं-पुढं होऊन पेट्रोल ओढणारी ती रबरी चकती, मुंबईहून मागवलेल्या किटातला, बसवून पाच महिने झालेले. तळलेल्या पापडासारखा वेडावाकडा, फुगलेला, भोकं लांबुळकी. फुगला की तो नीट मागं-पुढं होत नाही, गरम झाला की आणखी ढिला पडतो, आणि दांड्याजवळून पेट्रोल खाली चेंबरमध्ये पाझरतं. मिस्त्रींनी तो दोन बोटांत धरला, वास घेतला.

"दारू प्यालाय ह्यो."

"म्हणजे हो मिस्त्री?"

"आरं लेका, पंपावर काय लिवलंय त्ये वाच की एकदा. ई वीस. तुमच्याच उसाचा रस हाय त्यो."

खरंच होतं. वीस टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते अलीकडं ओढून २०२५ वर आणलं. आमचा ऊस कारखान्याला जातो, कारखान्याची डिस्टिलरी आहे, आणि तिथलं इथेनॉल फिरून फिरून पेट्रोलपंपावर येतं. ज्या बेडकीच्या हौद्यातून चुलत्यांनी गुऱ्हाळावरचे गुळाचे रवे मार्केट यार्डात वाहिले, तिच्या घशात आमच्याच फडातला ऊस उतरला आणि तिचा पंप नासला. चुलत्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "उसाचं बिल आलं तवा कसं गोड लागलं?" यावर काय बोलणार.

तरी डोळ्यांनी बघावं म्हणून घरी चाचणी केली. मापाच्या नळीत ८० मिलि पेट्रोल, २० मिलि पाणी, बूच लावून हलवलं, पाच मिनिटं ठेवलं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं. खालचा थर २० चा ३६ वर गेला. म्हणजे १६ मिलि, बरोबर वीस टक्के. खालच्या थराला जो वास येतो त्यावरून शेजाऱ्यांनी माझ्याबद्दल काय ठरवलं असेल ते असो.

दुसरं किट मागवलं, वेगळ्या दुकानातून. पाकिटावर 'इथेनॉल प्रूफ' असं ठळक छापलेलं. अकरा दिवस टिकलं. तिथं माझं डोकं फिरलं. पाकिटावर छापायला काय लागतं? तेव्हापासून ठरवलं, रबर आधी बरणीत, मग पंपात. पहिल्या किटाचा तुकडा, दुसऱ्या किटाचा तुकडा आणि उद्यमनगरात ऑइल सील बनवणाऱ्या एकाकडून आणलेला व्हिटॉनचा (पेट्रोल आणि उष्णता सोसणाऱ्या रबराचा) कापड घातलेला शीट, तिन्हींच्या २५ मिलिमीटरच्या चकत्या पाडल्या आणि लोणच्याच्या बरणीत पेट्रोलमध्ये सात दिवस बुडवल्या. व्हर्निअरनं मोजलं: पहिलं २८.४, दुसरं २७.१, व्हिटॉन २५.२. दुसऱ्या दुकानदाराला आकडे फोनवर वाचून दाखवले. तो म्हणाला, साहेब बरणीत कशाला ठेवलं?

व्हिटॉन महाग आहे, पण एका हातरुमालाएवढ्या तुकड्यात चार डायफ्राम निघतात. पंचानं भोकं पाडली, मधला दांडा जुन्याचाच रिव्हेट काढून बसवला, पंप बंद केला, लावला. दुसऱ्याच दिवशी टराटरा फाटला. कडेनं, अगदी स्क्रूंच्या रेषेत.

ती रात्र वाईट गेली. पंप काढून इलेक्ट्रिक लावावा, टाकीजवळ, टिक टिक करणारा, आणि विषय संपवावा असं ठरवून झोपलो. खरं सांगायचं तर मागवायचं बटण दाबता दाबता राहिलो.

चूक माझी होती, रबराची नव्हे. मी डायफ्राम सपाट ठेवून स्क्रू आवळले होते. व्हिटॉनचं कापड ताणत नाही. मग दांडा खाली ओढला गेला की सगळा ताण कडेवर येतो. मिस्त्रींनी हातानं करून दाखवलं: स्क्रू नुसते टेकवायचे, मग पंपाची रॉकर आर्म पूर्ण दाबून धरायची, म्हणजे डायफ्राम खाली ओढलेल्या अवस्थेत येतो आणि कडेचं जास्तीचं कापड आत सरकतं, आणि तसाच धरून स्क्रू समोरासमोरचे आवळायचे. आर्म सोडली की कापडाला थोडा झोल राहतो. तो झोल म्हणजेच त्याची हालचाल. एवढ्या वर्षांत मी पाच-सहा पंप भरलेत, सगळे चुकीचे भरले. जुनं रबर ताणत होतं म्हणून निभावलं. हे काम करताना साडेतीन सुती आणि चार सुतीच (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पाने वापरा. मिलिमीटरचा तेरा 'बसतोय की' म्हणून लावाल आणि नटाची कड मारून बसाल. माझा तापडिया कंपनीचा इंची सेट वडिलांच्या हातचा आहे, त्याला अजून तोड नाही.

गेज लावून बघितलं. आधी गरम पंपाचं प्रेशर जेमतेम एक पीएसआय येत होतं, आता गरम असताना तीन. अडीच ते पावणेचारच्या मध्ये हवं, म्हणजे छान. रबरी नळ्याही सगळ्या काढून इथेनॉल सोसणाऱ्या आर९ मार्काच्या घातल्या.

आणि तरी वाघबिळाला बंद नाही पडली, पण कार्बोरेटरमधून फटाके. प्लग काढले तर खडूसारखे पांढरे. हे मात्र कागदावर सुटलं. साध्या पेट्रोलला वजनानं एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणजे आपला जुना जेट, कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक, आठ-नऊ टक्के पेट्रोल कमी देतोय. माझ्या सोलेक्स कार्बोरेटरवर मेन जेट १२५ चा. १३० चा लावला तर भोकाचं क्षेत्रफळ आठ टक्क्यांनी वाढतं. जेट ड्रिलनं मोठा करायचा मोह कृपा करून आवरा. एकदा खराब केला की परत बारीक होत नाही. मला १३० चा एका कार्बोरेटरवाल्याच्या बिस्किटाच्या डब्यात सापडला, दोनशे जेट उलथेपालथे केल्यावर, भिंगातून आकडा वाचून. त्यानं पैसे घेतले नाहीत. म्हणाला, हे मागायला आलेला तू या वर्षातला पहिला.

जेट घातला आणि रविवारी चढली. प्लग आता विटकरी रंगाचे आहेत. मी त्यांचा फोटो बायकोला दाखवला. ती म्हणाली, छान आहेत.

इथं थांबायला हवं होतं. पण सेडिमेंट बाऊल, म्हणजे पेट्रोलमधला गाळ धरणारी वाटी, उघडून बघितला आणि तळाशी चमचाभर तपकिरी गाळ. इथेनॉलनं टाकीतला पन्नास वर्षांचा राप आणि गंज सोडवायला घेतलाय. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली तर इथेनॉलनं ओढून घेतलेलं पाणी वेगळं होऊन तळाशी बसणार ते आणखी वेगळं. त्यामुळं बेत पुन्हा बदलला. केबिनचा पत्रा डिसेंबरात, रंग त्यानंतर. आधी टाकी.

टाकीत खडी घालून हलवण्याऐवजी इलेक्ट्रोलिसिस करतोय. टाकी आधी तीन वेळा गरम पाण्यानं धुऊन दोन दिवस उन्हात उघडी ठेवली, पेट्रोलचा वास पूर्ण गेल्याशिवाय वायर जोडायची नाही. पाण्यात धुण्याचा सोडा, टाकीला बॅटरी चार्जरचं निगेटिव्ह, मधे टाकीला कुठंही न टेकणारी लोखंडी सळी, तिला पॉझिटिव्ह. सळी साधीच; स्टेनलेस घालू नका, त्यातून विषारी द्रव्य सुटतं. बुडबुड्यांत हायड्रोजन असतो म्हणून हे सगळं गोठ्याबाहेर, उघड्यावर. हे लिहिताना डोक्यात आलं की टाकी उतरलेलीच आहे तर आऊटलेटची नळी तळापासून अर्धा इंच वर उचलून घ्यावी, खाली पाणी साचलं तरी ओढलं जाणार नाही, आणि तळाला एक ड्रेन प्लग. उद्या ब्रेझिंगवाल्याला विचारतो. गॅस वेल्डिंगच्या आधी टाकी पाण्यानं काठोकाठ भरायची की नाही यावर तो आणि मिस्त्री आत्ताच फोनवर भांडलेत.

सोडा संपलाय, आणखी दोन किलो आणायचाय. आणि एफसीच्या टाकीच्या फ्लोट युनिटचं (पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या तरंगत्या भागाचं) गॅस्केट, पाच भोकांचं, कुणाकडं असेल तर कळवा. कॉर्कचं नको. नाहीतर उरलेल्या व्हिटॉनमधून कापतोच.