मासळीच्या दुकानापुढची रांग

एव्हलिन डनबार या ब्रिटिश चित्रकर्तीचं ‘द क्यू अ‍ॅट द फिश-शॉप’ (मासळीच्या दुकानापुढची रांग) हे तैलचित्र उंचीच्या जवळजवळ तिप्पट रुंद आहे. रांगच काढायची म्हटल्यावर बाई दुसरं काय करणार! साल 1944, दुसरं महायुद्ध चालू. इंग्लंडच्या केंट परगण्यातलं स्ट्रूड, तिथलं मासळीचं दुकान आणि बाहेर ताटकळत उभी असलेली माणसं, त्यांत बहुतेक बायकाच.

धुळवडीच्या सकाळी मटणाच्या दुकानापुढे अशीच रांग लागते. पण तिथे ‘एक किलो द्या, नळ्या जास्त घाला’ असं सांगायची सोय असते. इथे आपला नंबर लागेपर्यंत आत काय उरेल, मुळात काही उरेल का, याचाच भरवसा नाही.

खरं तर ब्रिटनमध्ये युद्धभर मासळी रेशनवर नव्हतीच, आणि म्हणूनच ही रांग. 8 जानेवारी 1940 पासून बेकन, लोणी, साखर मोजून मिळू लागली. मग मांस आलं, चहा आला. चहा माणशी आठवड्याला 2 औंस, म्हणजे जेमतेम 57 ग्रॅम. येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा विचारणाऱ्या आपल्या घरात तो मंगळवारीच संपला असता. पण थोडा का होईना, तो हक्काचा होता. ठरलेल्या दुकानदाराकडे नाव नोंदवायचं, रेशनचं पुस्तक दाखवायचं, वाटा घेऊन घरी यायचं. मासळीचा वाटा ठरवणार कसा? ट्रॉलर नौदलाने सुरुंग काढायला नेलेले, खोल समुद्रात जाणं जिवावरचं, आणि मिळेल ती मासळी टिकणार किती? त्यामुळे येईल तेव्हा येईल, आणि जी आधी उभी राहील तिला मिळेल. रेशनच्या पुस्तकात साखर मोजली गेली, बायकांचे असे उभ्याने गेलेले तास मात्र कुणी मोजले नाहीत. डनबारने निदान ते एका लांबलचक चित्रात मांडले.

सरकारने पगारावर नेमलेल्या युद्धचित्रकारांत ती एकटीच बाई. तिच्या वाट्याला तोफा आणि रणगाडे आले नाहीत. तिच्या 1940 च्या एका चित्रात शेतकामाला आलेल्या मुली खोट्या कासेवर धार काढायला शिकतायत. गाईची लाथ खाण्याआधीची तालीम! मला तर हे चित्र कुठल्याही विमानयुद्धाच्या चित्रापेक्षा जास्त युद्धाचं वाटतं.

त्याच युद्धात, 1943 साली, मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं आणि बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली. चित्रकार झैनुल आबेदिनने काळ्या शाईत रेखाटलेली ती कलकत्त्याच्या रस्त्यांवरची माणसं पाहिली, की स्ट्रूडची रांग अगदी सुखवस्तू वाटायला लागते. दुकान उघडं आहे, पर्समध्ये पैसे आहेत, उभं राहायला पायांत बळ आहे.

रांगेसमोरून हवाई दलाच्या गणवेशातला एक जण सायकलवरून चाललाय. चित्रातली युद्धाची उघड खूण तेवढीच. त्यासाठी डनबारने आपल्या नवऱ्यालाच, रॉजर फॉलीला, डोळ्यांसमोर ठेवलं. नवऱ्याला चित्रात जागा दिली, रांगेत मात्र नाही. घरचं कुणीतरी मागे नंबर धरून असणार, म्हणूनच गडी इतका निवांत निघालाय, असा मला दाट संशय आहे.