लायपो पॅकवर ई-सायकल: जोडणी, चार्जिंग आणि घोळ

दुकानात मिळणाऱ्या ई-सायकलच्या बॅटरीत बीएमएसचं (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिमचं) कार्ड असतं. सेल जास्त भरला तर ते चार्जिंग तोडतं, फार उतरला तर मोटर बंद करतं. ड्रोन आणि आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) विमानांसाठी बनलेल्या लायपो (लिथियम-पॉलिमर) पॅकमध्ये असं काहीही नसतं. चंदेरी पाकिटातले सहा सेल, दोन जाड वायरी, सात बारीक वायरींचा पांढरा बॅलन्स कनेक्टर (प्रत्येक सेल वेगळा मोजायला आणि सारखा भरायला), वरून श्रिंक प्लास्टिक, एवढाच ऐवज. बीएमएसचं काम रोज आपणच करायचं. ते जमणार नसेल तर तयार बॅटरी घ्यावी, हे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगतो. तरी मी लायपो वापरतो, कारण चढावर हा पॅक व्होल्टेज फारसं पडू न देता करंट देतो, स्पॉट वेल्डिंग लागत नाही आणि एक वीट, म्हणजे एक पॅक, खराब झाली तर तेवढीच बदलता येते.

माझी जोडणी अशी: सिक्स-एस (सहा सेल सिरीजमध्ये), ५००० एमएएचचे (५ अँपिअर-तासांचे) चार पॅक. दोन-दोन पॅरलल, मग त्या दोन जोड्या सिरीजमध्ये. एकूण १२ सेल सिरीज, १० अँपिअर-तास, वजन तीन किलोच्या आसपास. सेलचं नॉमिनल व्होल्टेज ३.७, पूर्ण भरल्यावर ४.२, म्हणजे अख्खी बॅटरी ४४.४ व्होल्टची आणि भरल्यावर ५०.४. ऊर्जा ४४४ वॉट-तास. त्यातली ८० टक्केच वापरायची असं धरलं तर साधारण ३५५ उरतात. किलोमीटरला १२ ते १५ वॉट-तास लागतात, म्हणून २५ किलोमीटरच्या पुढचा हिशोब मी करत नाही. पॅडल मारलं तर जास्त जाते.

कंट्रोलर ४८ व्होल्टचा हवा. असे बरेच कंट्रोलर ४२ व्होल्टच्या आसपास तोडतात, बारा सेलांवर ते सेलमागे ३.५ होतात, म्हणजे नेमकं हवं तिथे. ३६ व्होल्टवाला लावू नका. तो ३१ ला तोडतो, तोवर सेल २.६ वर गेलेला असतो आणि पॅक कायमचा बसतो. पण कंट्रोलरला फक्त एकूण बेरीज दिसते. अकरा सेल ३.६ वर आणि एक २.९ वर असेल तरी त्याला सगळं आलबेलच वाटतं. म्हणून प्रत्येक जोडीच्या बॅलन्स कनेक्टरवर छोटा लो-व्होल्टेज बझर लावायचा, ३.५ ला सेट करून. चढावर तो ओरडला आणि थ्रॉटल सोडल्यावर गप्प झाला, तर तो नुसता सॅग, म्हणजे भाराखाली तात्पुरतं पडलेलं व्होल्टेज. सपाटीवरही ओरडत राहिला तर पॅडल मारत घरी.

कंट्रोलरमधले कपॅसिटर रिकामे असताना पॅक जोडला की फटकन ठिणगी पडते आणि कनेक्टरची पितळी टोकं काळी पडतात. एक्सटी-९० कनेक्टरचा अँटी-स्पार्क प्रकार घ्या, त्यात आतच रेझिस्टर असतो. फ्यूज ३० अँपिअरचा, पण गाडीतला साधा ब्लेड फ्यूज नको. त्याचं रेटिंग ३२ व्होल्ट असतं. ५० व्होल्टवर तो वितळला तरी आत आर्क चालू राहू शकतो. ५८ व्होल्ट किंवा जास्त डीसी रेटिंगचा मागून घ्या.

आता चार्जिंग. सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते: सिरीज न सोडता दोन्ही जोड्यांना दोन चार्जर लावणं. ते दोन्ही एकाच एसएमपीएसवर (डीसी पॉवर सप्लायवर) असतील तर बहुतेक हॉबी चार्जरांत इनपुट आणि आउटपुटची वजा बाजू आतून एकच असते. वरच्या जोडीची वजा म्हणजे खालच्या जोडीची अधिक, म्हणजे खालची जोडी सरळ शॉर्ट. त्यात चार्जर जातो, बॅलन्सच्या वायरी वितळतात, कधी पॅकही पेटतो. म्हणून मी सिरीजची वायर अशा ठिकाणी ठेवली आहे की ती उपटल्याशिवाय चार्जिंगच्या कनेक्टरपर्यंत हातच जात नाही. लक्षात ठेवण्यावर विसंबायचं नाही.

सिरीज सोडली की मल्टिमीटरने किंवा सेलमीटरने प्रत्येक सेल बघायचा. मी चारही पॅक पॅरलल बोर्डवर (अनेक पॅक पॅरलल जोडायच्या पट्टीवर) एकत्र भरतो, पण सेलांमध्ये ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर नाही. सेलमागे अर्धा व्होल्ट फरक म्हणजे पॅकमागे तीन व्होल्ट. दोन पॅकचा मिळून अंतर्गत रोध ३५-४० मिलिओहम असेल तर जोडताक्षणी ऐंशीच्या घरात अँपिअर वाहतात. म्हणूनच आधी जाड वायरी जोडायच्या, मग बॅलन्सच्या. उलट केलं तर तो करंट बारीक वायरींतून जातो आणि वायर हातातच वितळते.

चार्जर घेताना खोक्यावरचे अँपिअर बघू नका, वॉट बघा. '५ अँपिअर' लिहिलेला ५० वॉटचा चार्जर सिक्स-एसला जेमतेम २ अँपिअर देतो. चार पॅक भरायला नऊ तासांहून जास्त. २०० वॉटचा असेल तर ८ अँपिअर मिळतात, म्हणजे २० अँपिअर-तासांना ०.४ सी (१ सी म्हणजे क्षमतेच्या आकड्याइतका करंट, इथे २० अँपिअर), आणि काम तीन तासांच्या आसपास होतं. १ सी च्या वर मी कधी जात नाही. सप्लायसाठी पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतो तो जाळीदार पत्र्याच्या खोक्यातला २४ व्होल्ट १५ अँपिअरचा एसएमपीएस पुरतो. आपल्या चार्जरला २४ व्होल्ट चालतात ना, एवढं आधी बघा.

मोड लायपोच ठेवा. एलआय-एचव्ही (जास्त व्होल्टेजच्या लायपोचा मोड) निवडला तर चार्जर ४.३५ पर्यंत ढकलतो. सेलसंख्या चार्जरने ओळखली म्हणून लगेच 'ओके' दाबायचं नाही. फार उतरलेला सिक्स-एस त्याला फाइव्ह-एस वाटू शकतो. मी ४.१५ ला थांबवतो. रेंज थोडी कमी मिळते, पण पॅक जास्त टिकतो. शेवटच्या टप्प्यात चार्जर वर गेलेल्या सेलांतून करंट जाळून बाकीच्यांना गाठू देतो. हा करंट फार थोडा असतो, साध्या चार्जरात २००-३०० मिलिअँपिअर. म्हणून दर वेळी बॅलन्स मोडच वापरावा. पाच-सहा चार्ज टाळून एकदम बॅलन्स करायला गेलं की चार्जर रात्रभर बसतो.

जागा: गॅलरीतली शहाबादी फरशी, आजूबाजूला पडदे-कपडे नाहीत, दरवाज्याच्या किंवा जिन्याच्या वाटेत नाही. पॅक मातीच्या रिकाम्या कुंडीत, वर नुसती फरशी टेकवलेली. हवाबंद डबा नको, वायू कोंडला तर डबाच फुटतो. झोपताना किंवा घराबाहेर जाताना चार्जिंग नाही. राइडहून आल्यावर पॅक गरम असेल तर आधी निवू द्यायचा. पेटलाच तर धूर अंगावर घेऊ नका, त्यात हायड्रोजन फ्लोराइड असतं. लांब व्हा, १०१ ला फोन करा. विजेचा मेन स्विच बंद असेल तर भरपूर पाण्याने थंड करायला हरकत नाही, कारण पाण्याशी भडकणारा लिथियम धातू यात सहसा नसतो.

फुगणं बहुतेक वेळा आपणच ओढवून घेतो. पॅक पूर्ण भरून आठवडाभर ठेवला आणि वर एप्रिलचं ऊन, की आतलं इलेक्ट्रोलाइट फुटून वायू होतो. उद्या सायकल काढायची नसेल तर ३.८० ते ३.८५ वर ठेवायचा. पावसाळ्यात तर ठेवायचाच. भरलेला एकेक सिक्स-एस पॅक उतरवायला हेडलाइटचे १२ व्होल्टचे दोन हॅलोजन सिरीजमध्ये लावले की काम होतं, पाचेक अँपिअर खेचतात. पाकीट मऊ असतं, आणि दणक्यांनी सेलांच्याही आधी बॅलन्सच्या वायरी तुटतात. पॅकभोवती ३ मिमी प्लायवूड, मध्ये फोम, वायरीला सैलसर वळण.

फुगलेला पॅक टोचायचा नाही, दाबायचा नाही, चार्जही करायचा नाही. मोकळ्या जागी, लांब उभं राहून, त्याच हॅलोजनवर दिवे विझेपर्यंत उतरवायचा, टोकांना टेप लावायची आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यायचा. घंटागाडीत टाकला तर कचऱ्याच्या दाबाखाली तो तिथेच पेटू शकतो.