मांजर बूड घासतं तेव्हा आधी शेपटीखाली पाहा

मांजर मधेच खाली बसतं, मागचे दोन्ही पाय पुढे ताणतं आणि पुढच्या पायांवर स्वतःला ओढत सारवलेल्या ओट्यावरून दोन-चार हात सरकतं. पाहणाऱ्याला हसू येतं, आणि घरातलं कुणीतरी लगेच सांगून मोकळं होतं, ‘जंत झाले असतील.’ हे बऱ्याचदा खरंही असतं. पण कोणते जंत आणि आले कुठून, हे कुणी विचारत नाही. मग माणसांची गोळी, ढोरांचं औषध, कृषी केंद्रातली बाटली असं जे हाताशी असेल ते दिलं जातं, आणि मूळ त्रासातून वाचलेलं मांजर औषधानं जातं.

शी केल्यावर एखाद्या वेळी घासलं तर काळजीचं कारण नाही, काहीतरी चिकटलं असेल. दिवसातून दोन-तीनदा, सलग दोन-तीन दिवस घासत असेल तर पाहायला हवं. आणखी एक, मांजर कुत्र्याएवढं घासत नाही, ते चाटतं. शेपटीखालचे केस विरळ झालेत, कातडी लाल दिसते, पण घासताना कुणी पाहिलं नाही, तरी त्रास तोच समजावा.

पाहण्यासाठी दोन माणसं लागतात. जुन्या टॉवेलात किंवा लुगड्याच्या फटकुरात मांजराचे चारही पाय आणि मान गुंडाळायची, डोकं एकाच्या काखेकडे, बूड दुसऱ्याकडे. शेपटी मुळाशी धरून हलकेच वर करायची, ओढायची नाही. बॅटरीचा उजेड पाडायचा. मिनिटाच्या आत काम झालं पाहिजे, त्यापुढे मांजर ऐकत नाही. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात रेबीजच्या लशीबद्दल विचारायचं. मांजर घरचं आहे म्हणून हे टाळू नये.

गुदाभोवतीच्या केसांत तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे, चपटे तुकडे दिसले, आणि ताजे असले तर ते वळवळतात, की समजा पट्टकृमी, म्हणजे फितीसारखे लांब चपटे जंत आहेत. वाळले की ते पिवळसर होऊन तिळासारखे दिसतात. केसांत नसले तर मांजर जिथे झोपतं ती गोधडी किंवा पोतं झटकून काळ्या कापडावर पाहा. हा तुकडा म्हणजे पट्टकृमीच्या शेपटीकडून तुटलेला, अंड्यांनी भरलेला खंड. तो सरपटत बाहेर येतो तेव्हा खाज सुटते, आणि मांजर घासतं. अंडी या खंडात बंद असल्यामुळे शीच्या तपासणीत ती पुष्कळदा सापडतच नाहीत. तेव्हा तपासणी स्वच्छ आली तरी डोळ्यांनी तुकडे पाहिले असतील तर डोळ्यांवर विश्वास ठेवा. मांजराच्या पोटात सर्रास सापडणारे लांब, गोल जंत वेगळे. त्यांनी पिल्लांची पोटं फुगतात, उलटीत जंत पडतात, पण बूड घासण्याचं कारण ते क्वचितच असतात.

आपल्याकडच्या मांजरांत पट्टकृमी दोन वाटांनी येतात. पहिली वाट पिसवांची. पिसवाची अळी जमिनीवरच्या धुळीत पट्टकृमीची अंडी खाते, ती मोठी होऊन मांजराच्या अंगावर चढते, मांजर अंग चाटताना ती गिळतं, आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा तुकडे पडू लागतात. दुसरी वाट उंदरांची. उंदराच्या काळजात, म्हणजे यकृतात, दुसऱ्या जातीच्या पट्टकृमीची गाठ असते. उंदीर खाल्ला की ती मांजराच्या आतड्यात वाढते. याचे तुकडे जरा मोठे आणि चौकोनी असतात. गावात मांजर पाळायचं ते उंदरांसाठीच, धान्याच्या पोत्यांशी आणि कुटाराच्या ढिगाशी. मग ते उंदीर खाणारच. ही वाट बंद करता येत नाही, औषध ठरावीक काळानं देत राहणं एवढंच हातात असतं. शिकारी मांजराला साधारण तीन महिन्यांनी.

औषधाचं नाव प्राझिक्वांटेल, मात्रा किलोमागे साधारण ५ मिलिग्रॅम. मांजरांसाठीच्या एका प्रचलित गोळीत ते २० मिलिग्रॅम असतं, सोबत गोल जंतांसाठी पायरँटेल २३० मिलिग्रॅम, आणि ४ किलोला एक गोळी हा तिचा हिशोब. म्हणजे ३ किलोच्या मांजराला पाऊण. नुसतं पायरँटेल पट्टकृमीला काही करत नाही, म्हणून ‘जंताचं औषध दिलं तरी फरक नाही’ अशी तक्रार येते. वजन अंदाजानं ठरवू नका. मांजर थैलीत घालून धान्याच्या काट्याला टांगा आणि थैलीचं वजन वजा करा. गावातलं मोठं मांजर बहुधा अडीच ते चार किलोंत बसतं, आणि एवढ्या लहान जिवात अर्ध्या किलोचाही फरक पडतो. पिल्लू असेल, गाभण असेल किंवा पाजणारी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच देऊ नका.

गोळी दुधात चुरगळून देण्याचा मोह टाळा. प्राझिक्वांटेल कडू असतं, जिभेला लागलं की तोंडाला फेस येतो, आणि पुढच्या वेळी मांजर भांड्याजवळही येत नाही. मागून डोकं धरून नाक वर करायचं, खालचा जबडा बोटानं उघडून गोळी जिभेच्या मुळाशी टाकायची, तोंड मिटवून गळ्यावरून हात फिरवायचा. नंतर सुई काढलेल्या सिरिंजनं गालाच्या बाजूनं ५ मिली पाणी हळूहळू पाजायचं, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. जंत मेल्यावर ते पोटातच विरघळतात, शीतून पडताना दिसतीलच असं नाही. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तुकडे दिसले तर औषध खोटं निघालं असं समजू नका. पिसवा तशाच राहिल्या, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून खरं काम पिसवांचं. ओल्या पांढऱ्या कापडावर मांजराच्या कमरेचे केस बारीक फणीनं विंचरा. काळे कण पडतील. ते ओलाव्यात तांबूस पसरले तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. नुसती माती असेल तर रंग सुटत नाही. काही मांजरांना पिसवांच्या लाळेचीच ॲलर्जी असते, त्यांचं शेपटीच्या मुळाशी अंग खाजतं आणि जंत नसतानाही ती घासतात. अंगावरच्या पिसवा हा थोडाच भाग. अंडी, अळ्या आणि कोष घरात असतात: मातीच्या भुईच्या भेगांत, बाजेखाली, कोठ्यात, ओलसर सावलीत पडलेल्या पोत्यांत. आपल्याकडचं उन्हाळ्याचं ऊन इथे फुकटचं औषध आहे, अळीला कोरडं ऊन सोसत नाही. पोती आणि गोधड्या उन्हात टाका, कापडं गरम पाण्यात धुवा, भेगा लिंपून सारवा, कोपऱ्यांतला केर रोज काढा. कोष मात्र चिवट असतात, त्यातून पुढे कित्येक आठवडे पिसवा निघत राहतात. म्हणून दोन-तीन महिने सातत्य हवं, आणि घरात कुत्रा असेल तर त्याचाही उपचार सोबतच.

आता इथे लोक जिवावर बेतेल अशा चुका करतात, म्हणून सविस्तर सांगतो. ढोरांच्या गोचिडांवर फवारायची सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनसारखी औषधं मांजराला लावू नका, कितीही पातळ केली तरी. ती मोडून बाहेर टाकण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फार कमी असते. आधी लाळ गळते, मग अंग थरथरतं, मग झटके. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या थेंबांत परमेथ्रिन असेल तर तेही तसंच, आणि गोचिडांवरचं अमिट्राझही नको. फिप्रोनिल हे पिसवा मारणारं औषध मांजराला चालतं, पण मांजरासाठी बनवलेलं, आठ आठवड्यांवरच्या पिल्लाला, खांद्यांच्या मधोमध केस बाजूला करून थेट कातडीवर, जिथे जीभ पोचत नाही. याच नावाची बाटली कृषी केंद्रातही मिळते. ती पिकाची आहे, तिची तीव्रता आणि त्यातली इतर द्रव्यं वेगळी. माणसांची अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी ३ किलोच्या मांजराला दिली तर किलोमागे १३० मिलिग्रॅमच्या वर जाते, आणि या औषधानं मांजराच्या हाडांतल्या मगजाला इजा होऊन रक्तपेशी घटतात. दुखतं म्हणून पॅरासिटामॉल तर मुळीच नाही, अर्धी गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. फिनाईलनं बूड पुसणं हा आणखी एक घरगुती प्रकार. मांजर ते चाटून पोटात घेतं.

केसांत तुकडे नाहीत, पिसवा नाहीत, तरी घासतं, तेव्हा गुदाजवळच्या ग्रंथींकडे वळायचं. गुदाच्या आतल्या कडेला दोन लहान पिशव्या असतात. गुद म्हणजे घड्याळाची तबकडी धरली तर चार आणि आठच्या आकड्यांवर. शी घट्ट असली की जाता जाता त्या दाबल्या जातात आणि आतला तपकिरी, उग्र वासाचा द्रव थोडा थोडा निघून जातो. शी सैल राहिली की दाब पडत नाही, द्रव दाट होतो, पिशवी तुंबते. पुढे पू होतो आणि गुदाच्या एका बाजूला लाल, दुखरी गाठ येते. ती फुटली की भोक पडतं आणि रक्तमिश्रित पू वाहतो. बोक्यांच्या भांडणात शेपटीच्या मुळाशी चावे बसतात, म्हणून पुष्कळ जण ही जखम चाव्याची समजतात. पावसाळ्यात अशा जखमेवर माशी बसली की दोन दिवसांत किडे पडतात. ढोरांच्या किडे पडलेल्या जखमेत लोक टर्पेंटाईन ओततात. मांजरात ते करू नका, ते विषारी आहे आणि कातडीही भाजते. पिशव्या दाबून रिकाम्या करणं घरी शिकण्याचं काम नाही. सुजलेली पिशवी दाबली तर आतल्या आत फुटते. डॉक्टर गुंगी देऊन ती मोकळी करतात, धुतात आणि औषध लावतात.

शी सैल का राहते, याचं उत्तर बहुतेक घरांत दुधाच्या वाटीत असतं. मोठ्या मांजराला दुधातली साखर नीट पचत नाही. दूध-पोळी, दूध-भाकर यावरच वाढलेल्या मांजराची शी कायम मऊ, केसांना चिकटणारी. दूध आठवडाभर पूर्ण बंद करून पाहा, हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. त्याऐवजी उकडलेलं अंडं, बिनहाडाचं उकडलेलं चिकन, थोडा भात. कांदा-लसणाचा रस्सा नको, कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतात. उकडलेलं कोहळं, म्हणजे लाल भोपळा, बिनमिठाचं, एक-दोन चहाचे चमचे खाण्यात मिसळलं तर शी बांधून यायला मदत होते. मांजर नुसत्या दूध-भाकरीवर जगत नाही, हेही यानिमित्तानं कळावं. मांसातला टॉरिन नावाचा घटक न मिळाल्यास त्याची नजर आणि हृदय खराब होतं.

चिकटलेली घाण काढायची तर ग्लासभर कोमट पाण्यात सपाट अर्धा चमचा मीठ घालून कापसानं भिजवून सोडवायची. वाळलेले केसांचे गोळे कातरीनं कापताना सांभाळा, मांजराची कातडी पातळ असते आणि केसांबरोबर ओढली जाऊन सहज कापली जाते. हिवाळ्याच्या सुरुवातीला वावरातून, माळरानातून फिरून आलेल्या मांजराच्या शेपटीखाली कुसळं आणि गोखरू अडकतात. ही बारीक गोष्ट लोक पाहतच नाहीत. कुसळ वरवर असेल तर चिमट्यानं निघतं, कातडीत घुसलं असेल तर आत सरकत जातं, तिथे हात घालू नका.

गुदातून गवताची पात लोंबत असेल तर बहुधा ती आपोआप पडते. दोरा, सुतळी किंवा मांजा लोंबत असेल तर ओढायचा नाही. दुसरं टोक आतड्यात किंवा थेट जिभेखाली अडकलेलं असू शकतं, आणि ओढला की तो आतडं कापतो. जिभेखाली पाहा, आणि दवाखाना गाठा.

एक गोष्ट वेगळी ओळखता आलीच पाहिजे. बोका पुन्हा पुन्हा शी-मुताला बसतो, कुंथतो, ओरडतो, पुढून चाटतो, आणि लघवीचा थेंबही पडत नाही. हे बूड घासणं नाही, मूत्रमार्ग बंद झालाय. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की हे वाढतं. यात एक-दोन दिवसांत जीव जातो, तिथे एरंडेल पाजत बसू नका, त्याच तासाला निघा. एप्रिल-मे महिन्यांत घरात दोन-तीन ठिकाणी मातीच्या पसरट भांड्यांत पाणी ठेवा, खाण्यापासून जरा लांब.

गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मांजराची औषधं सहसा नसतात, कारण तिथलं काम ढोरं-शेळ्यांचं. पण डॉक्टर तपासून औषध लिहून देऊ शकतात, ते तालुक्याच्या दुकानातून आणता येतं. १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करून विचारणा करता येते. शस्त्रक्रिया किंवा भुलीची गरज पडली तर आपल्या विदर्भात नागपूरला सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, आणि वऱ्हाडातल्यांसाठी अकोल्याची पशुवैद्यक पदव्युत्तर संस्था. मांजर न्यायला पिंजरा नसेल तर संत्र्याचे दोन प्लास्टिक कॅरेट तोंडाला तोंड लावून चारही कोपऱ्यांना सुतळीनं बांधा, आत घरातलं जुनं कापड टाका, वरून ओढणी झाका. सोबत सकाळची ताजी शी झाकणाच्या डबीत आणि सापडलेले तुकडे थोड्या पाण्यात छोट्या बाटलीत न्या. आतापर्यंत दिलेल्या प्रत्येक औषधाचं पाकीटही घ्या, गोचिडाच्या फवाऱ्याचंसुद्धा. लाजू नका, डॉक्टरांना पहिल्यांदा तेच पाहायचं असतं.